तार, जबडा आणि रुग्णाचे समाधान : मोजमाप कसे करावे

वाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर नीट न बसणारे दात तारेच्या साहाय्याने जागेवर आणणे, आणि दोष दातांचा नसून जबड्याच्या हाडाचाच असेल तिथे तारेच्या जोडीने जबड्याची शस्त्रक्रिया करणे, हे उपचार आता केवळ मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहीत. भारतातील ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची, संघटना १९६५ साली मुंबईत स्थापन झाली, तेव्हा असे तज्ज्ञ देशात फार थोडे होते. आज सोलापूरला केगाव येथे दंत महाविद्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सर्वोपचार रुग्णालय आहे, आणि शुक्रवार पेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीतल्या शाळकरी मुलांच्या दातांवरही तार आता नवलाची राहिलेली नाही. उपचारांचा प्रसार असा झाला असला, तरी त्यांचा निकाल रुग्णाच्या बाजूने मोजण्याची पद्धत त्या प्रमाणात रुजलेली नाही. तार काढण्याच्या दिवशी डॉक्टर आरसा हातात देतात, ‘आता बरे वाटते ना?’ असे विचारतात, रुग्ण मान डोलावतो आणि उपचार यशस्वी ठरतो. या एका प्रश्नातून जे हाती येते त्याला समाधान म्हणता येत नाही. त्यात डॉक्टरांविषयीचा आदर, उपचार एकदाचे संपल्याचा सुटकेचा भाव आणि आरशातील पहिले नवे दर्शन यांची सरमिसळ असते. समाधान खरोखर मोजायचे असेल, तर मोजणीची सुरुवात उपचाराच्या शेवटी न करता उपचार सुरू होण्यापूर्वी करावी लागते, आणि ती रुग्णाच्या भाषेत, त्याच्या ताटातल्या अन्नाच्या संदर्भात आणि डॉक्टरांच्या अनुपस्थितीत करावी लागते.

प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने दवाखाना चालवणारे दंतवैद्य, जबड्याचे शल्यविशारद आणि प्रबंधासाठी हा विषय निवडणारे पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यासाठी आहे. तथापि दीड-दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ चालणाऱ्या आणि बहुधा हप्त्याहप्त्याने पैसे भरून घेतल्या जाणाऱ्या या उपचारांचा विचार करणाऱ्या कुटुंबांनाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडावा.

सर्वप्रथम तीन भिन्न गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, कारण त्यांची गल्लत झाली की पुढची सारी आकडेमोड फोल ठरते. पहिली गोष्ट म्हणजे दातांच्या स्थितीतील प्रत्यक्ष सुधारणा. ती तज्ज्ञ मोजतो, आणि तिच्यासाठी ब्रिटनमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेला ‘पार’ निर्देशांक जगभर वापरला जातो. त्यात उपचारापूर्वीच्या व उपचारानंतरच्या दातांच्या साच्यांवरील दोषांना गुण दिले जातात आणि ते किमान ३० टक्क्यांनी घटले असतील तर सुधारणा झाली असे मानले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे तोंडाच्या आरोग्याशी निगडित जीवनमान, अर्थात खाणे, बोलणे, हसणे, झोपणे आणि चारचौघांत वावरणे यांत दात किंवा जबडा किती आडवा येतो याचे रुग्णाने स्वतः केलेले मूल्यमापन. तिसरी गोष्ट समाधान, म्हणजे रुग्णाने जे अपेक्षिले होते त्याच्या तुलनेत त्याला मिळालेला अनुभव आणि मिळालेले फळ. ‘पार’ निर्देशांकात उत्तम ठरलेला रुग्ण असमाधानी असू शकतो आणि मध्यम ठरलेला रुग्ण पूर्ण समाधानी असू शकतो, कारण निर्देशांकाला दातांची रांग दिसते, पण त्या रांगेपर्यंत पोहोचताना रुग्णाला काय सोसावे लागले हे दिसत नाही. अमेरिकेतील आरोग्यसेवेचे अभ्यासक अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली सेवेच्या गुणवत्तेचे रचना, प्रक्रिया आणि फलित असे तीन भाग पाडले. समाधानाची प्रश्नावली रचताना हे विभाजन आजही सर्वांत सोयीचे पडते : दवाखान्याची जागा, वेळ आणि खर्च हे रचनेत येतात, डॉक्टरांनी दिलेली माहिती, वागणूक आणि वेदना यांचा समावेश प्रक्रियेत होतो, तर चेहरा, चावा आणि आत्मविश्वास हे फलितात मोडतात.

असमाधान कोठून येते, याविषयी संशोधनाचा कौल बऱ्यापैकी स्पष्ट आहे. तार आणि जबड्याची शस्त्रक्रिया असे एकत्रित उपचार घेतलेल्या रुग्णांवरील अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा २०१६ साली ‘द अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बहुतेक रुग्ण समाधानी असतात आणि त्या समाधानाचा मोठा वाटा चेहऱ्यातील सुधारणेचा असतो, हे त्यात आढळले. पण जे असमाधानी होते त्यांची कारणे अधिक लक्षणीय होती. उपचार लांबणे, शस्त्रक्रियेनंतर ओठ वा हनुवटी बधिर राहणे किंवा जबड्याच्या कामात अडथळा जाणवणे, आणि धोक्यांची माहिती आधी दिली गेली नाही अशी भावना, ही ती कारणे होत. यांतील एकही कारण दात सरळ झाले की नाही याच्याशी संबंधित नाही. म्हणून ज्या प्रश्नावलीत कालावधी, बधिरता आणि माहिती यांविषयी स्वतंत्र प्रश्न नाहीत, ती प्रश्नावली कितीही देखणी छापलेली असली तरी असमाधान शोधण्याच्या कामी निरुपयोगी समजावी.

साधने आणि त्यांची मर्यादा

जीवनमान मोजण्यासाठी तयार साधने उपलब्ध आहेत आणि नव्याने प्रश्न रचण्यापेक्षा ती वापरणे शहाणपणाचे ठरते, कारण त्यांची वैधता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजण्याची क्षमता, आणि विश्वसनीयता, म्हणजे परिस्थिती न बदलल्यास पुन्हा तेच उत्तर मिळण्याची खात्री, या दोन्ही कसोट्या आधी लावून झालेल्या असतात. गॅरी स्लेड यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली ‘ओएचआयपी-१४’ ही १४ प्रश्नांची प्रश्नावली सर्वांत परिचित आहे; प्रत्येक प्रश्नाला ‘कधीच नाही’ ते ‘फार वेळा’ अशी पाच उत्तरे असतात, त्यांना ० ते ४ गुण मिळतात, एकूण गुण ० ते ५६ यांच्या दरम्यान येतात आणि गुण जितके जास्त तितका त्रास अधिक, असा तिचा अर्थ लावतात. ती तोंडाच्या कोणत्याही आजाराला लागू पडते, हेच तिचे बळ आहे आणि हीच तिची उणीवही आहे, कारण जबड्याच्या व्यंगामुळे फोटो काढून घेणे टाळणाऱ्या मुलीचे दुःख तिच्यात पुरते उतरत नाही. त्यासाठी लंडनमध्ये सुसान कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘ओक्यूएलक्यू’ ही २२ प्रश्नांची प्रश्नावली खास जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी तयार केली. तिचे गुण ० ते ८८ असून सामाजिक बाजू, चेहऱ्याचे सौंदर्य, तोंडाचे कार्य आणि स्वतःच्या व्यंगाची जाणीव असे तिचे चार भाग आहेत. केवळ तार लावलेल्या तरुणांसाठी २००६ साली प्रसिद्ध झालेली ‘पिडाक’ ही २३ प्रश्नांची आणि ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी कॅनडात तयार झालेली ‘सीपीक्यू’ ही साधने अधिक योग्य ठरतात.

मात्र यांतील एकही साधन समाधान मोजत नाही, हे प्रबंध लिहिणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. ‘ओएचआयपी’चे गुण घटले म्हणून समाधान वाढले, असे लिहिणे हा तर्कदोष आहे. समाधानासाठी वेगळे, मोजके आणि थेट प्रश्न जोडावे लागतात, आणि त्यांतही ‘आपण समाधानी आहात का?’ या प्रश्नावर विसंबता येत नाही, कारण जवळजवळ सगळेच ‘होय’ म्हणतात आणि सगळे जिथे ‘होय’ म्हणतात तिथे समाधानी व अर्धसमाधानी यांत फरकच उरत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न अधिक कसदार ठरतात : पुन्हा तीच वेळ आली तर हे उपचार घ्याल का, भावंडाला किंवा नातेवाइकाला ते घ्यायला सांगाल का, आणि आधी ठाऊक असते तर बरे झाले असते, अशी कोणती गोष्ट उपचारादरम्यान कळली. यांतील तिसऱ्या प्रश्नाला पर्याय देऊ नयेत. उत्तरासाठी चार ओळींची मोकळी जागा सोडावी आणि लिहिता न येणाऱ्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. अनुभव असा की दवाखान्यातील खऱ्या सुधारणांची बीजे या मोकळ्या ओळींतच सापडतात.

सोलापुरात ही साधने वापरताना भाषेचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. शहरात मराठीखेरीज कन्नड, तेलुगू आणि उर्दू अथवा दखनी या मातृभाषा असलेली मोठी लोकवस्ती आहे. पूर्व भागातील विणकर पद्मशाली कुटुंबांत घरची भाषा तेलुगू असते, अक्कलकोटकडून आणि सीमेपलीकडील विजयपूर व कलबुर्गी जिल्ह्यांतून येणारे रुग्ण कन्नड बोलतात, आणि यांतील अनेकांना मराठी बोलता येत असली तरी मनातली बोच सांगायला मातृभाषाच जवळची वाटते. प्रश्नावलीचा अनुवाद एखाद्या सहायकाकडून एका बैठकीत करून घेणे हा मार्ग टाळावा. आधी मूळ रचनाकारांची अनुमती घ्यावी आणि त्या भाषेत तपासलेला अनुवाद उपलब्ध आहे का हे पाहावे. नसल्यास दोघांनी स्वतंत्रपणे अनुवाद करावेत, त्यांचा मेळ घालून एक मसुदा करावा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून तो पुन्हा मूळ भाषेत आणवून फरक तपासावा, आणि शेवटी पाच ते दहा रुग्णांपुढे तो ठेवून ‘या प्रश्नातून तुम्हांला काय विचारले आहे असे वाटते?’ हे ऐकावे. शेवटची पायरी सर्वांत जास्त टाळली जाते आणि सर्वांत जास्त चुका तिथेच पकडल्या जातात.

अन्नाविषयीच्या प्रश्नांत तर नुसता अचूक अनुवादही पुरत नाही. समोरच्या दातांनी तुकडा तोडताना त्रास होतो का, हा प्रश्न परदेशी प्रश्नावलीत सफरचंद आणि सँडविच खाणाऱ्या माणसाला गृहीत धरून आलेला असतो. सोलापूरच्या जेवणात भाकरी हाताने मोडली जाते, त्यामुळे वरचे व खालचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत असा रुग्णही ‘त्रास नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो, कारण पुढच्या दातांनी तोडण्याची वेळच त्याच्यावर क्वचित येते. त्याला पेरू, ऊस किंवा मक्याचे कणीस यांविषयी विचारले की खरे उत्तर बाहेर येते. उलट, मागच्या दातांचे चावणे तपासायला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्याइतके चांगले साधन सोलापुरात दुसरे नाही. मात्र इथेही ‘कडक भाकरी चावता येते का?’ असे विचारण्यापेक्षा ‘भाकरी आमटीत कुस्करून खावी लागते का, आणि घरातील इतर जण तशी खातात का?’ असे विचारावे, कारण वर्षानुवर्षे जुळवून घेतलेल्या माणसाला आपली तडजोड ही तडजोड वाटेनाशी झालेली असते. अशी उदाहरणे प्रमाणित प्रश्नाच्या जागी घालू नयेत, अन्यथा इतरत्रच्या गुणांशी तुलना करता येत नाही. ती प्रश्नाखाली स्पष्टीकरण म्हणून छापावीत किंवा वेगळे स्थानिक प्रश्न म्हणून शेवटी जोडावीत.

कधी विचारावे

उपचाराच्या कालरेषेवर कोणत्या क्षणी प्रश्न विचारला यावर उत्तर इतके अवलंबून असते की क्षण न नोंदवलेले उत्तर निरर्थक मानणेच योग्य. केवळ तारेचे उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतात. शस्त्रक्रिया असेल तर तिच्यापूर्वी सुमारे वर्ष-दीड वर्ष तार, नंतर शस्त्रक्रिया, आणि पुन्हा सहा महिने ते वर्षभर तार असा क्रम असतो. या प्रवासात रुग्णाचे जीवनमान सरळ रेषेत सुधारत जात नाही. जबडे कमी-अधिक असले की दात निसर्गतः एकमेकांकडे झुकून ती उणीव काही प्रमाणात झाकतात. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तारेने हे झुकलेले दात आपापल्या हाडावर सरळ उभे केले जातात, आणि त्यामुळे झाकलेले व्यंग उघडे पडून चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू लागतो. शल्यविशारदाला शस्त्रक्रियेसाठी हेच हवे असते, पण कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीसाठी हा काळ फार कठीण असतो, आणि या टप्प्यात जीवनमानाचे गुण बिघडलेले आढळणे अपेक्षितच आहे. हे आधी सांगितले गेले नसेल तर रुग्णाला उपचार चुकत असल्याची खात्री वाटू लागते. आधी शस्त्रक्रिया आणि मग तार, ही जपानमधील सेंदाई येथील तज्ज्ञांनी पुढे आणलेली पद्धत निवडक रुग्णांत हाच खडतर टप्पा टाळते, आणि तिची बाजू मांडताना समाधानाचा मुद्दा पुढे येतो तो यामुळेच.

म्हणून किमान पाच वेळा मोजणी करावी : तार लावण्यापूर्वी, शस्त्रक्रियेच्या अगदी आधी, शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी, आणि तार निघाल्यानंतर एक वर्षाने. सहा आठवड्यांच्या मोजणीत पातळ व मऊ आहार, सूज आणि बधिरता यांचा त्रास ताजा असतो. ती मोजणी वेदनाशमन आणि धीर देणे यांची परीक्षा घेते, उपचाराच्या फलिताची नव्हे. खालच्या जबड्याचे हाड सरकवताना त्यातून जाणाऱ्या मज्जातंतूवर ताण येतो, त्यामुळे खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होणे हे शस्त्रक्रियेनंतर सर्रास आढळते. बहुतेकांत ते काही महिन्यांत कमी होत जाते, पण काहींत थोडीफार बधिरता कायम राहते. सहा महिन्यांची आणि वर्षाची उत्तरे शेजारी ठेवली म्हणजेच हा फरक कळतो. वर्षाच्या मोजणीत आणखी एक प्रश्न अवश्य घालावा : रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून नंतर वापरायची पट्टी, नियमित वापरली जाते का. ती बंद केल्याने दात पुन्हा वाकडे झालेल्या रुग्णाचे असमाधान उपचाराच्या नावावर जमा होऊ नये आणि रिटेनरचे महत्त्व नीट न सांगणाऱ्या दवाखान्याची चूक रुग्णाच्या नावावरही जाऊ नये. तारखा ठरवताना स्थानिक वेळापत्रकही पाहावे. जानेवारीतील सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, आषाढी वारी आणि दिवाळी या दिवसांत पाठवलेल्या निरोपाला उत्तर येण्याची शक्यता कमी असते.

यांपैकी पहिली मोजणी हीच साऱ्या उपक्रमाचा पाया आहे, आणि ती वगळली तर पुढील चारही अधांतरी राहतात. उपचारापूर्वी रुग्णाकडून तीन अपेक्षा त्याच्याच शब्दांत, महत्त्वाच्या क्रमाने लिहून घ्याव्यात. ‘दात आत जावेत’ या एका वाक्यामागे ओठ मिटावेत, कोणी चिडवू नये, नोकरीच्या मुलाखतीत दबून बोलावे लागू नये, असे अनेक अर्थ असू शकतात आणि त्यांतील काहीच उपचारांच्या आवाक्यात असतात. अपेक्षा कोणाची, हेही याच वेळी नोंदवावे. आपल्याकडे मुलीला दवाखान्यात आणण्यामागे पुष्कळदा स्थळे पाहण्याची घाई असते. आई-वडिलांना लग्नापूर्वी तार निघायला हवी असते आणि मुलीला मुळात काय हवे हे कोणी विचारलेलेच नसते. मानसशास्त्र अशा बाहेरून आलेल्या प्रेरणेला आतून आलेल्या प्रेरणेपासून वेगळे करते आणि इतरांच्या आग्रहाखातर घेतलेल्या उपचारांत अपेक्षाभंगाचा धोका अधिक मानते. त्यासाठी रुग्णाला किमान पाच मिनिटे पालकांविना भेटावे, आणि पुढेही पालकांची व मुलांची उत्तरे स्वतंत्र कागदांवर घ्यावीत, कारण दोघांचे समाधान एकच असते असे मानायला आधार नाही. क्वचित एखाद्या रुग्णाला जवळजवळ न दिसणारा दोष इतका छळत असतो की त्याचे दिवसाचे कित्येक तास आरशापुढे जातात. अशा व्यक्तीला शस्त्रक्रियेने समाधान मिळण्याची शक्यता कमी असते, आणि तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे हाच उपचाराचा योग्य आरंभ होय.

प्रश्न कोणी विचारावेत, याचे उत्तर साधे आहे : ज्याने उपचार केले त्याने विचारू नयेत. आपल्या समाजात डॉक्टरांना तोंडावर नकार देणे असभ्य समजतात, आणि पुढची तपासणी त्यांच्याकडेच करायची असल्याने रुग्ण जपून बोलतो. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यासमोरही हीच अडचण थोड्या प्रमाणात येते. प्रश्नावली नावाऐवजी क्रमांकावर भरून बंद पेटीत टाकण्याची सोय करावी, ज्यांना वाचता येत नाही त्यांना दवाखान्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, उदाहरणार्थ महाविद्यालयातील दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्याने, प्रश्न वाचून दाखवावेत, आणि मोबाईलवरून मागवलेली उत्तरे डॉक्टरांच्या स्वतःच्या क्रमांकावर येऊ देऊ नयेत. इंटरनेटवरील तारांकित अभिप्राय हे या मोजणीची जागा घेऊ शकत नाहीत, कारण ते लिहिणाऱ्यांत अतिशय खूश आणि अतिशय नाराज अशा दोन टोकांचे लोक जास्त असतात आणि मधला मोठा वर्ग गप्प असतो.

आकड्यांचा प्रामाणिकपणा

हाती आलेल्या उत्तरांवरून निष्कर्ष काढताना सर्वांत मोठी फसगत होते ती उत्तर न देणाऱ्यांना विसरल्यामुळे. समजा, एका दवाखान्यात ५० जणांचे उपचार पूर्ण झाले, त्यांतील ३० जणांनी प्रश्नावली भरली आणि २७ जण समाधानी निघाले. ‘९० टक्के रुग्ण समाधानी’ असा फलक लावणे इथे सोपे आहे, पण न आलेले २० जण सगळे असमाधानी असतील तर प्रमाण ५४ टक्क्यांवर येते आणि सगळे समाधानी असतील तर ९४ टक्क्यांवर जाते. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे, एवढेच म्हणता येते. उपचार अर्ध्यावर सोडून गेलेले रुग्ण तर या ५० जणांतही धरलेले नसतात, आणि असमाधान सर्वांत दाट असण्याची शक्यता नेमकी त्यांच्यातच असते. यंत्रमागावर किंवा विड्या वळून रोजंदारी मिळवणाऱ्या घरातल्या रुग्णाने येणे थांबवले, तर कारण उपचारांत आहे, हप्त्यात आहे की प्रत्येक खेपेला बुडणाऱ्या मजुरीत आहे, हे एक फोन करून विचारावे. लहान संख्येचा धोकाही ओळखावा : २० पैकी १८ समाधानी, म्हणजे दिसायला ९० टक्के, पण संख्याशास्त्राच्या ९५ टक्के विश्वासाच्या कसोटीने पाहिले तर खरे प्रमाण सुमारे ६८ पासून ९९ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. जीवनमानाच्या गुणांत नुसती सरासरी देण्याऐवजी प्रत्येक रुग्णाचा आधीचा व नंतरचा आकडा शेजारी मांडावा, कारण सरासरी सुधारली असतानाही दोन-तीन रुग्ण आधीपेक्षा वाईट अवस्थेत असू शकतात आणि डॉक्टरांना भेटायची गरज त्यांनाच सर्वाधिक असते.

केवळ स्वतःच्या दवाखान्यातील सुधारणेसाठी केलेली विचारणा आणि प्रबंधासाठी अथवा प्रकाशनासाठी केलेले संशोधन यांत भेद आहे. दुसऱ्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीची पूर्वमान्यता लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बालकांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी लागते आणि तिच्या जोडीला ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी व १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी अनुमतीही आवश्यक असते. या विषयात चेहऱ्याची छायाचित्रे येतात आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारल्याने ओळख लपत नाही, विशेषतः जिथे पेठेतला माणूस पेठेत ओळखला जातो. त्यामुळे छायाचित्रासाठी वेगळी, स्पष्ट आणि मागे घेता येण्याजोगी संमती घ्यावी.

मोजणीचे फळ कृतीत दिसले नाही तर रुग्णांचा वेळ घेण्याचा अधिकारही उरत नाही. दर तिमाहीस एकदा ऑर्थोडॉन्टिस्ट, शल्यविशारद आणि कर्मचारी यांनी एकत्र बसून फक्त मोकळ्या ओळींतील उत्तरे वाचावीत, आणि त्यांतून एक, केवळ एकच, बदल निवडावा. कालावधीविषयी नाराजी वारंवार दिसत असेल, तर पहिल्या दिवशी सांगितलेले महिने आणि प्रत्यक्ष लागलेले महिने प्रत्येक रुग्णाच्या कागदावर शेजारी लिहिण्याची प्रथा सुरू करावी. अंदाज किती कमी सांगितला जातो हे डॉक्टरांना स्वतःलाच त्यातून दिसू लागते, आणि विलंब ब्रॅकेट, म्हणजे तार धरण्यासाठी दातावर चिकटवलेला तुकडा, तुटल्यामुळे, चुकलेल्या तारखांमुळे की मुळातल्या चुकीच्या अंदाजामुळे झाला हेही वेगळे होते. माहिती न मिळाल्याची तक्रार असेल, तर समजावून झाल्यावर रुग्णाला ‘आता तुम्ही हे घरी आजीला कसे सांगाल?’ असे विचारून त्याच्याच तोंडून ऐकावे. बधिरतेचा उल्लेख त्या सांगण्यात आला नाही, तर संमतिपत्रावर सही असूनही ती माहिती पोहोचलेली नाही असे समजावे. सही घेतली की जबाबदारी संपली, ही समजूत या क्षेत्रातील असमाधानाचे सर्वांत टाळता येण्याजोगे कारण आहे.

उपचार घेणाऱ्या कुटुंबांनी दवाखान्यात अशी व्यवस्था असण्याची वाट पाहत बसू नये. पहिल्या भेटीपूर्वी आपल्या तीन अपेक्षा वहीत लिहाव्यात. डॉक्टरांना त्यांतील कोणती पूर्ण होईल, कोणती अंशतः होईल आणि कोणती होणार नाही हे विचारून उत्तर तिथेच टिपून घ्यावे. एकूण महिने, एकूण खर्च, ब्रॅकेट तुटल्यास वेगळे शुल्क द्यावे लागेल का, आणि शस्त्रक्रिया असेल तर बधिरता कायम राहण्याची शक्यता किती, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज संमतिपत्रावर सही करू नये. प्रश्नावली हाती आली तर ती डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून भरू नये. जे खटकले तेच लिहावे, कारण त्या कागदाचा उपयोग पुढच्या रुग्णाला व्हायचा असतो.